लंडन पन्हाळ्याकडं, अमेरिका जोतिबाकडं

कोल्हापुरातल्या आमच्या तालमीची कोजागिरी म्हटलं की बाकीच्यांना मसाला दूध आठवतं, भडंग आठवतं, मला आठवतो तो गच्चीवरचा बांबू. पेठेतले एक सर होते, विज्ञान शिकवायचे आणि हॅमचं, म्हणजे हौसेखातर स्वतःच्या रेडिओवरनं जगभरच्या लोकांशी बोलायचं लायसन असलेले, ते दरवर्षी कोजागिरीला आपला रेडिओ घेऊन तालमीच्या गच्चीवर यायचे आणि आम्ही पोरं दुपारपासनंच त्यांच्या मागं. बांबूला ॲल्युमिनियमच्या पायपांचा यागी, म्हणजे एकाच दिशेला झोत टाकणारा अँटेना, बांधायचा, २१ मेगाहर्ट्झचा, म्हणजे एकेक पाईप सात मीटरच्या आसपास, जिन्यातनं वर न्यायचा म्हणजे लग्नातला मांडव परवडला. शेजारच्या काकू दरवर्षी तेच विचारायच्या, "काय ओ सर, ह्याच्यावर मॅच दिसती का?"

खरी मजा मात्र अँटेना वळवण्यात. माईक सरांकडं आणि दुसऱ्या एका लायसनवाल्या काकांकडं, आम्ही नुसते बांबूवाले. सर म्हणायचे अमेरिका, की सगळी पोरं बांबू धरून रंकाळ्याकडं वळवणार, कारण अमेरिका पश्चिमेला हे पाठ झालेलं. मग सर शाळेतला पृथ्वीगोल काढायचे, एक दोरा कोल्हापुरावर अंगठ्यानं दाबायचा, दुसरं टोक न्यूयॉर्कवर ताणून धरायचं, आणि दोरा बघितला तर सरळ वर उत्तरेकडनं निघालेला! भिंतीवरच्या सपाट नकाशानं डोक्यात किती घोळ घातलाय ते त्या दिवशी कळायचं, रेडिओची लाट जवळच्या वाटेनं जाते आणि गोलावरची जवळची वाट ही अशी.

सरांकडं खडूनं लिहिलेला एक फळा असायचा. लंडन ३२०, न्यूयॉर्क ३३४, टोकियो ५८, सिडनी १२६. उत्तर शून्य धरून घड्याळाच्या दिशेनं मोजलेले अंश. पण रात्रीच्या अंधारात होकायंत्र कोण बघत बसणार, म्हणून सरांनी भन्नाट युक्ती काढलेली. आमच्या गच्चीवरनं पन्हाळा जवळपास लंडनच्याच दिशेला येतो आणि जोतिबाचा डोंगर न्यूयॉर्कच्या. झालं! "पन्हाळा धर रे" म्हटलं की लंडन, "जोतिबा" म्हटलं की अमेरिका, आणि सांगलीच्या जरा डावीकडं जपान. चार-पाच अंश इकडं तिकडं झाले तरी बिघडत नाही, असल्या तीन पायपांच्या यागीचा झोत चांगला साठेक अंशांचा असतोय. एखाद्या वर्षी लंडन समोरनं लागेनाच तर सर बांबू बरोबर उलटा, १४० वर फिरवायला लावायचे, म्हणजे पृथ्वीला लांबच्या बाजूनं वळसा. कधी लागायचं, बहुतेकदा नाही.

फळ्याच्या खालच्या बाजूला सूर्य-चंद्राच्या वेळा. ऑक्टोबरच्या मध्यावर कोल्हापूरचा सूर्यास्त सहा वाजून दहा-बारा मिनिटांनी. आपलं घड्याळ चालतं ८२.५ रेखांशावर, कोल्हापूर त्याच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला, अंशाला चार मिनिटं म्हणजे आपला सूर्य घड्याळापेक्षा ३३ मिनिटं मागं, हे सरांनी इतक्यांदा सांगितलंय की पेठेतला रिक्षावाला पण सांगेल. ह्या वेळा कशाला लागतात? तर सूर्य बुडला की आकाशातला खालचा, सिग्नल गिळणारा थर विरतो पण वरचा थर राहतो, त्यामुळं दिवस-रात्रीच्या सीमेवर असलेल्या दोन गावांना ७ मेगाहर्ट्झवर एकमेकांचं थोडा वेळ का होईना पण लई लांबनं ऐकू येतं. इकडं रंकाळ्यावर सूर्य बुडतो तेव्हा अमेरिकेच्या मधल्या भागात उजाडत असतं, म्हणून त्या पंधरा-वीस मिनिटांत गच्चीवर कुणी मोठ्यानं बोललं तरी सर डोळे वटारायचे.

दिशा म्हणजे काय हे समजवायला सरांना अंबाबाईचा किरणोत्सव पुरायचा, मावळतीची किरणं देवळाच्या दारातनं थेट देवीकडं जातात तो. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, दोन्ही वेळेला सूर्य जवळपास एकाच जागी, २५२ अंशांच्या आसपास मावळतो, कारण २२ डिसेंबरच्या अलीकडं-पलीकडं जवळपास सारखंच अंतर. देवळाच्या दाराला हे अंश कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी साधले, तुम्हाला एक बांबू सरळ धरता येत नाही, असं वर ऐकवायचे.

हॅमसॅट आकाशात होता तेव्हाची कोजागिरी तर विसरणं शक्य नाही. आपला हॅमसाठीचा उपग्रह, ५ मे २००५ ला पीएसएलव्ही रॉकेटवरनं गेलेला, २०१४ पर्यंत चालला. त्याच्यासाठी सरांनी सुताराच्या मेजर टेपच्या पात्यांची छोटी यागी केलेली, हातात धरून फिरवायची. रात्री तो दक्षिणेकडनं वर यायचा, दहा-बारा मिनिटांत उत्तरेला गडप, आणि आवाजाची फ्रिक्वेन्सी सारखी सरकत असल्यामुळं काकांचा हात डायलवरनं निघायचाच नाही. पाती वाऱ्यानं थडथडायची, मागनं "उजवीकडं, अजून, अरे वर!" असा गलका.

आणि चंद्र? पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळायच्या सुमारास उगवतो, पुढं रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. चंद्रावर सिग्नल आपटून परत आणतात हे सर सांगायचे तेव्हा कुणाला पटायचं नाही. मग ते "ओ बापू" अशी हाक मारायचे, मनात अडीच सेकंद मोजायचे आणि स्वतःच बारीक आवाजात "ओ बापू" म्हणायचे, एवढा वेळ लागतोय बघा जाऊन यायला. त्याला लागणारी भलीमोठी अँटेना आणि पॉवर आमच्याकडं कधीच नव्हती.

फळ्यावर शेवटची ओळ असायची दुधाची, चंद्र अगदी डोक्यावर यायची वेळ, सव्वाबारा-साडेबारा. तोवर दूध प्यायचं नाही असा सरांचा नियम, आणि दहा वाजता पातेल्यात पहिला ग्लास बुडवणारे पण सरच.