जुनापाणीची शिलावर्तुळे

नागपूरहून काटोल रस्त्याने निघाल्यावर शहराची दाटी ओसरते आणि झुडपांचे बरड माळरान लागते. या माळावर जुनापाणी गावाजवळ लोहयुगातील सुमारे तीनशे शिलावर्तुळे पसरलेली आहेत. काळ्या पाषाणाचे अवजड धोंडे गोलाकार मांडून, मृतांचे अवशेष आणि त्यांच्यासोबतच्या वस्तू मध्यभागी ठेवून, वर दगडगोटे आणि माती यांची भर घातलेली ही स्मारके अडीच हजार वर्षांहून जुनी मानली जातात.

लांबून पाहता येथे नुसते विखुरलेले दगड दिसतात. एका वर्तुळाच्या कडेने सावकाश फिरल्यावरच धोंड्यांचा गोल आणि मधला किंचित फुगीर उंचवटा माझ्या ध्यानात आला. काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे लहान खळगे आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये येथील उत्खननाची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा या खळग्यांचीही दखल घेतली होती. असे धोंडे वर्तुळात ठरावीक दिशांनाच आढळतात, म्हणून काही अभ्यासक त्यांचा आकाशनिरीक्षणाशी संबंध जोडतात. हे अनुमान मला विचार करण्याजोगे वाटते, कारण इतके श्रम घेऊन दगड ओढून आणणाऱ्यांनी खुणा सहज म्हणून कोरल्या असतील, असे मन मानत नाही.

१९६०च्या दशकाच्या आरंभी पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी येथील तीन वर्तुळांचे उत्खनन केले. विदर्भातील अशा दफनांत काळी-तांबडी मृद्भांडी आणि लोखंडाची हत्यारे मिळतात. जवळच्या माहूरझरीला तर घोड्याचे अवशेष त्याच्या तांब्याच्या साजासह निघाले. मृताबरोबर घोडा पुरणाऱ्या त्या समाजात या जनावराचा मान केवढा असेल!

हे स्थळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि कायद्याने संरक्षित सीमेपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. तरीही माझ्या मनात धाकधूक राहिली. किल्ल्याचा बुरूज ढासळला तर कोणाच्याही लक्षात येईल, मात्र येथील एखादा धोंडा कोणी बांधासाठी उचलून नेला तर वर्तुळ तुटेल आणि खळग्यांची दिशाही कायमची हरवेल. म्हणून जाणाऱ्यांनी दगडांवर चढू नये, कोणताही दगड हलवू नये आणि वाहन रस्त्यालगतच ठेवावे. पावसाळ्यात वाढलेले गवत हिवाळ्याच्या अखेरीस वाळून बसते आणि वर्तुळांचे आकार नीट उमगतात, त्यामुळे तेव्हाच्या सकाळी जावे.