सदतीस की अठ्ठ्याऐंशी

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या लेसोथो देशात माझं काम होतं डोंगर फोडून रस्ता काढण्याआधी खडक तपासायचं. या अख्ख्या देशात 1400 मीटरपेक्षा खाली जमीनच नाही. आम्ही तर मोखोत्लाँगच्या डोंगरांत, 2200 मीटरच्या वर. महिना जुलै, म्हणजे तिथला ऐन हिवाळा. पाऊस पडतो तो ऑक्टोबर ते एप्रिल. जुलैत हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात; दुपारी उन्हात स्वेटर काढावा आणि रात्री बादलीतलं पाणी गोठावं.

त्या दिवशी दरीत सावली उतरता उतरता ड्रिलरने तीन मीटरचा शेवटचा रन, म्हणजे एका खेपेत भोकातून निघालेली दगडाची कांडी (कोअर), काढला. कोअर बॉक्समध्ये रचला आणि उघडाच ठेवून आम्ही खाली आलो. फोटो सकाळी काढू, असं मीच म्हणालो होतो. चूक माझी.

सकाळी त्याच बॉक्समध्ये तुकडेच तुकडे. आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे याची टक्केवारी, काढताना दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडेच धरतात. ड्रिलरच्या वहीत आदल्या संध्याकाळची बेरीज होती 2.64 मीटर, म्हणजे 88 टक्के. माझी टेप 1.11 दाखवत होती. सदतीस! "न्ताते, काल अखंड होता हो," तो म्हणाला. वडीलधाऱ्याला तिथे न्ताते म्हणतात. त्याच्या मोजणीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो.

तरी भेगा मुळातल्या की रात्रीत पडलेल्या, ते निरखलं. जुन्या सांध्यावर, म्हणजे खडकातल्या मूळच्या फटीवर, गंजाचा डाग असतो, मातीचा लेप असतो. ताजी भेग स्वच्छ, खरबरीत. खडक आपल्या मांजऱ्या दगडाच्या जातीचा, पोकळ्यांत झिओलाइट हे पांढरं खनिज भरलेला बेसॉल्ट. वयाने दख्खनच्या दगडाहून कितीतरी मोठा, सुमारे 18 कोटी वर्षांचा. पण याच्या नसांत ओलीने फुगणारी, वाळली की आकसणारी माती असते. भेगा नेमक्या त्या नसांतूनच गेल्या होत्या, म्हणून ताज्या भेगेवरही लेप दिसत होता.

मी सदतीस लिहिले, शेजारी ड्रिलरचे अठ्ठ्याऐंशी. पुन्हा एक भोक घ्या म्हणून विनवलं. खालच्या कार्यालयातून उत्तर आलं, आकडा एकच द्या. त्यांच्यापैकी एकानेही वर एक रात्र काढलेली नव्हती, याचा राग अजून जात नाही.

मग पुढच्या रनमधले दोन धड तुकडे घेतले. एक निघाल्या निघाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळला, दुसरा उघड्यावर ठेवला. तिसऱ्या सकाळी उघडा तुकडा हातात दुभंगला, गुंडाळलेला तसाच.

म्हणजे ड्रिलर खरा. पण रस्त्यासाठी डोंगर कापल्यावर त्या भिंतीला प्लास्टिक कोण गुंडाळणार? दिवसा ऊन, रात्री गोठण, उन्हाळ्यात वळवासारखा पाऊस. तिथल्या कात्से धरणाहून पाणी नेणाऱ्या बोगद्यातही हा खडक उघडा पडल्यावर झडू लागला आणि काँक्रीटचं अस्तर वाढवावं लागलं. अठ्ठ्याऐंशी हा डोंगराच्या पोटातल्या दगडाचा आकडा. सदतीस हा हवा लागलेल्या दगडाचा. उतार किती तिरपा कापायचा, ते मी कुठल्या आकड्यावरून सांगायला हवं होतं?

अखेर अहवालात सदतीसच गेले. तो दुभंगलेला तुकडा माझ्या टेबलावर आहे. परवा त्याची आणखी एक कपची सुटली.