लिहिणारे दोघंच

आज सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला, कोपऱ्यावरच्या फळवाल्या चाचांकडून काही घेऊ नका. लिहिणारे दोघंच. ग्रुपवर आम्ही सव्वाशे जण, बहुतेक हिंदू, सगळे गप्प. तासभर मीही. ते दोघं म्हणजे आम्ही नव्हे, हे खरंच. पण चाचांना ते कसं कळणार? त्यांच्या कानावर जातं ते त्या दोघांचंच.

२९ जून २०२३ ला आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा राज्यात कितीतरी गावांतल्या मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न द्यायचं ठरवलं. आणि आम्हाला एक ओळ लिहवेना?

शेवटी लिहिलं, 'हे मला मान्य नाही. मी त्यांच्याकडूनच फळं घेणार.'

तळमजल्यावरच्या काकूंचा लगेच फोन. 'बरं केलंस गं.' ग्रुपवर लिहा ना काकू, म्हटलं. त्या अजून टाइप करतायत.