सकाळी उपाशी, दुपारी ओव्हरफ्लो

मे महिन्यात कामठी रोडवरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एक आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन, आलं. रामटेककडच्या एका जलाशयावर मच्छीमारांच्या बोटीला लावलेलं, जुनं टू-स्ट्रोक, १५ हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) एकच. घेऊन आलेले भाऊ म्हणाले, "निडल दोनदा बदलली जी, तरी ओव्हरफ्लो होतेच. दुपारी काठावर बोट लावली का पेट्रोल टपटप पाण्यात."

ओव्हरफ्लोची कारणं मोजकीच असतात. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल वाढलं की त्यात तरंगणारा फ्लोट वर येतो, निडलला (टोकदार सुईला) सीटवर, म्हणजे पेट्रोल येण्याच्या भोकावर, दाबतो आणि पेट्रोल थांबतं. ते थांबत नसेल तर निडल झिजलेली असते, सीटवर कचरा अडकलेला असतो, फ्लोट जड झालेला असतो किंवा त्याची लेव्हल चुकलेली असते. निडलमागून दाबच जास्त येत असेल, तरीही तेच होतं. हे शेवटचं कारण सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण ते कार्बोरेटरच्या आत नसतं.

कार्बोरेटर खोलला. वाटीच्या तळाला थोडा गंज आणि पाण्याचे दोन-चार थेंब होते, जुन्या टाकीत एवढं असतंच. निडलचं रबरी टोक भिंगाखाली पाहिलं. झिजलेल्या टोकावर सीटच्या काठाचं गोल वळ उमटलेलं दिसतं. इथे टोक गुळगुळीत होतं. सीट काढून तिच्याखालचा वॉशर बघितला. हा वॉशर फाटका असेल किंवा बसवायचा राहिला असेल, तर पेट्रोल आट्यांमधून खाली उतरतं आणि कितीही निडल बदलल्या तरी गळती राहते. वॉशर जागेवर होता. फ्लोट हलवून कानाशी धरला, आत पेट्रोल खळखळत नव्हतं. बिजागरीची पिन मोकळी फिरत होती. कार्बोरेटर उलटा धरल्यावर फ्लोट गॅस्केटच्या पृष्ठभागाला समांतर बसला, या मॉडेलला तसाच बसायला हवा. मग तसाच उलटा ठेवून पेट्रोलच्या नळीतून गेज लावलेल्या हातपंपाने हलका दाब दिला. काटा चढला आणि तिथेच थांबला. म्हणजे निडल-सीट पेट्रोल नीट अडवत होती.

पुढे फ्युएल पंप. टू-स्ट्रोकमध्ये हा पंप क्रँककेसच्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतल्या, दाबाच्या ठोक्यांवर चालतो. त्याच्या डायफ्रॅमला (आतल्या लवचिक पडद्याला) सुईएवढं भोक पडलं तरी पेट्रोल ठोक्याच्या वाटेने सरळ क्रँककेसमध्ये जातं. प्लग ओले होतात आणि खापर कार्बोरेटरवर फुटतं. पंप उतरवला, तर डायफ्रॅम नवा कोरा, ठोक्याची वाट कोरडी. हा नवा का टाकला, असं विचारलं तेव्हा भाऊंनी दुसरी तक्रार सांगितली: पहाटे जाळं काढायला निघालं की अर्ध्या तासात इंजिन दम तोडतं, टाकीच्या पाइपवरचा, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी बल्ब चपटा होतो. म्हणून कुणीतरी पंपाचं किट बदललं होतं.

सकाळी पेट्रोल कमी, दुपारी जास्त. दोन उलट तक्रारी एकाच इंजिनाच्या असतील तर इंजिन सोडून टाकीकडे वळायचं. टाकी टेम्पोतच राहिली होती, ती मागवली. २५ लिटरची, झाकणावर हवेचा छोटा स्क्रू. तो गंजून घट्ट बसलेला, बंद स्थितीतच.

टाकीत अर्धं पेट्रोल होतं. ती पाइपसकट इंजिनाला जोडली आणि अंगणात उन्हात ठेवली. जवळ बिडी-काडी नाही, प्लगच्या वायरी काढून अर्थ केलेल्या, म्हणजे इंजिनाच्या धातूला लावलेल्या. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन, पारा ४५च्या आसपास. थोड्या वेळात प्रायमर बल्ब हात न लावता फुगून दगडासारखा कडक झाला. टाकीच्या बाजू बाहेर आल्या. मग कार्बोरेटरच्या तोंडातून एक थेंब आला, पाठोपाठ बारीक धार. झाकण फडक्यात धरून अगदी हळू सैल केलं, तर फुस्स्स करत बराच वेळ हवा निघत राहिली. बल्ब मऊ पडला आणि धार तुटली.

या पंपाचा स्वतःचा दाब फार तर ५-६ पीएसआय (दाबाचं माप), निडल तेवढ्याच दाबासाठी बनवलेली. बंद टाकीत पेट्रोलची वाफ उन्हात तो आकडा सहज ओलांडते. पंपातले दोन्ही व्हॉल्व्ह इंजिनाच्या दिशेनेच उघडतात, त्यामुळे इंजिन बंद असलं तरी पेट्रोल पुढे ढकललं जातं आणि निडलला सीटवरून उचलतं. पहाटे याच्या उलट. टाकी गार, पेट्रोल खर्च होत जातं, त्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि पंप हरतो. ही सकाळची तक्रार मला जास्त घातक वाटते. अशा टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल तुटलं की ऑइलही तुटतं आणि भर वेगात पिस्टन ओरबाडला जातो.

क्रँककेसमध्ये साचलेलं पेट्रोल आधी बाहेर काढलं: प्लग काढले, वायरी अर्थवरच ठेवल्या, चोक उघडा, थ्रॉटल पूर्ण, आणि फवारा थांबेपर्यंत दोरी ओढली. टाकी धुऊन नवं झाकण बसवलं. ५०ला १ मिश्रण, म्हणजे २० लिटर पेट्रोलला ४०० मिली टू-स्ट्रोक ऑइल. पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये इंजिन चालवलं, कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपाचा इंपेलर जळतो. टाकी मुद्दाम उन्हातच ठेवली होती. आयडलला इंजिन एकसारखं चाललं, बंद केल्यावर थेंब नाही.

भाऊंना सांगितलेलं असं: चालवताना हवेचा स्क्रू दोन-तीन आटे उघडा. काठावर आल्यावर पाइप इंजिनाच्या बाजूने काढून ठेवा. टेम्पोत सांडू नये म्हणून स्क्रू बंद करावाच लागतो, पण पाइप जोडण्याआधी तो हळूच उघडून दाब जाऊ द्या. टाकी गळ्यापर्यंत भरू नका, वर ओला बारदाना टाका. नवं झाकण घेताना स्क्रू उघडून तोंडाने फुंकून बघा, हवा आरपार गेली तरच घ्या. आत रबराचा वॉशर फुगून भोक बुजलेली झाकणं दुकानात नवी म्हणूनही मिळतात.