त्रिंकोमालीचं कार्ड

करमाळ्यात २००६ साली संध्याकाळी लाइट गेली की आळीतले सगळे वैतागायचे. मी मात्र वडिलांचा रेडिओ घेऊन गच्चीवर पळायचो. शेजाऱ्यांचा टीव्ही, ट्यूबलाइटचे चोक, सीएफएल बल्ब सगळं एकदम बंद पडायचं आणि शॉर्टवेव्हवरची खरखर अशी ओसरायची की लांबलांबची स्टेशनं अगदी उशाशी बोलल्यासारखी ऐकू यायची. लोडशेडिंग नसतं तर हा छंद मला लागलाच नसता, असं मला मनापासून वाटतं.

परदेशी स्टेशनला 'तुमचा कार्यक्रम इथे असा ऐकू आला' असं कळवलं की ते पोच म्हणून कार्ड पाठवतात, हे मला शाळेतल्या एका सरांकडून कळलं. त्या कार्डाला क्यूएसएल म्हणतात. मी लगेच एका युरोपीय स्टेशनला एरोग्राम धाडला. पहाटे साडेचारला ऐकलेला कार्यक्रम, बातम्या छान, संगीत सुंदर, कार्ड पाठवा. अडीच महिन्यांनी जाड पाकीट आलं. आत वेळापत्रक होतं, स्टिकर होते, पण कार्ड नव्हतं. फार वाईट वाटलं होतं.

चूक माझीच होती. सरांनी ती समोर बसवून दाखवली. रिपोर्ट जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत लिहायचा असतो. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे. पहाटेच्या साडेचारातून साडेपाच तास गेले की आदल्या दिवशीचे रात्रीचे अकरा होतात, म्हणजे तारीखसुद्धा बदलते. मी आपली वेळ आणि आपलीच तारीख लिहिली होती. त्या वेळेला त्या स्टेशनचा कार्यक्रम नसेल, तर ते पोच कशाची देणार? शिवाय 'बातम्या छान' हे कुणीही घरबसल्या लिहील. खरोखर ऐकलंय हे पटेल असं काहीतरी हवं. कोणत्या मिनिटाला कशाबद्दल बोलले, निवेदक बाई होत्या की पुरुष, मध्ये कुठलं वाद्य वाजलं, असं निदान अर्ध्या तासाचं टिपण करायचं.

मग सिन्पो शिकलो. सिग्नलचा जोर, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, खरखर, आवाजाची चढउतार आणि एकूण दर्जा असे पाच आकडे, प्रत्येक एक ते पाच. पाच म्हणजे उत्तम; अडथळा किंवा खरखर पाच म्हणजे ती अजिबात नाही. नवशिके खूश करायला सरसकट ५५५५५ ठोकून देतात. तसं करू नये. इंजिनिअरांना खरी अडचण कळावी म्हणून तर हे आकडे असतात.

दुसऱ्या वेळी डॉइच वेले या जर्मन स्टेशनची इंग्रजी सेवा निवडली. रात्री साडेनऊ, म्हणजे यूटीसी १६:००. गच्चीच्या कठड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत तांब्याची तार ताणली आणि तिचं टोक एरियलला गुंडाळलं. वही मांडीवर, बॅटरी तोंडात. दर पाच मिनिटांनी एक ओळ लिहीत गेलो. सिन्पो ४५४३४. आवाज मध्येच लांब जायचा आणि पुन्हा जवळ यायचा, म्हणून चौथ्या जागी तीन.

कार्ड आलं तेव्हा मी घरीच होतो. पोस्टमनकाकांनी 'जर्मनीचं पत्र हाय' म्हणून अंगणातूनच हाक मारली. कार्डाच्या मागे माझं नाव, तारीख, वेळ, किलोहर्ट्झ आणि ट्रान्समीटरच्या रकान्यात लिहिलेलं: त्रिंकोमाली.

मी नकाशा काढला. त्रिंकोमाली श्रीलंकेत! म्हणजे महिनाभर ज्याला जर्मनीतून येणारा आवाज समजत होतो, तो कार्यक्रम श्रीलंकेच्या किनाऱ्यावरून माझ्या गच्चीवर उतरत होता. जर्मनीहून तो तिथल्या प्रक्षेपण केंद्राला पोचायचा आणि तिथून पुन्हा हवेत सुटायचा. तेव्हापासून माझ्या प्रत्येक रिपोर्टात शेवटी एक ओळ असतेच: 'कृपया कार्डावर ट्रान्समीटरचं ठिकाण लिहावं.' त्याच ओळीमुळे पुढे रेडिओ नेदरलँड्सच्या कार्डावर मादागास्कर मिळालं.

त्यातली बरीच स्टेशनं आता गेली. रेडिओ नेदरलँड्सची शॉर्टवेव्ह २०१२ मध्ये बंद झाली, बीबीसी हिंदीची २०२० मध्ये. मला त्याचं अजून वाईट वाटतं. घराघरात एलईडी आले, त्यांची किरकिर सीएफएलपेक्षा वाईट. गच्चीवर आता जवळजवळ काहीच लागत नाही.

म्हणून गेल्या महिन्यात सेलवरचा रेडिओ घेऊन रात्री शेतात गेलो. विहिरीच्या मोटरीपासून लांब, बांधावर बसलो. साडेअकराला रेडिओ रोमानिया इंटरनॅशनल लागलं, इंग्रजीत. सिन्पो ३४४३३. शेवटची दहा मिनिटं शेजारच्या वस्तीवरची कुत्री भुंकत होती, त्यामुळे दोन नावं नीट कळली नाहीत. रिपोर्टात तसंच लिहिलं. घरी येऊन त्याच रात्री मेल केला. कार्ड अजून यायचंय.