दहा पत्ते, पंचवीस फेऱ्या

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकमध्ये घरोघरी एकच चौकशी चालते. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं? क्युसेकचे आकडे सरकार जाहीर करतंच, पण गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीच्या वर गेलं, असं सांगितल्याशिवाय गोदेकाठच्या माणसाला पुराचा अंदाज येत नाही. ‘ग्लूमहेवन: जॉज ऑफ द लायन’ या बोर्ड गेममध्ये हे मारुतीचं काम हातातले पत्ते करतात. नकाशावर कितीही मारामारी चालू असो, मुरलेला भिडू आधी शेजाऱ्याच्या हातात किती पत्ते उरलेत ते मोजतो आणि मग बोलतो.

आयझॅक चाइल्ड्रेस यांचा मूळ ‘ग्लूमहेवन’ २०१७ चा. त्यात ९५ सिनारिओ आहेत आणि खोका इतका जड, की घरात त्याची जागा ठरवताना कपाटाची फळी तपासावी लागते. २०२० साली आलेला ‘जॉज ऑफ द लायन’ हा त्याचा आटोपशीर धाकटा भाऊ. यात २५ सिनारिओ, चार पात्रं, खेळणारे एक ते चार. गोष्ट एका भाडोत्री लढवय्यांच्या टोळीची. पहिले पाच सिनारिओ म्हणजे शिकवणीच. नियम थोडे थोडे करून हातात येतात, त्यामुळे खोका उघडल्या दिवशी पहिला डाव मांडता येतो. मूळ गेममध्ये पुठ्ठ्याचे तुकडे जोडून खोल्या मांडाव्या लागतात. इथे नकाशा सिनारिओच्या वहीतच छापलेला आहे. पान उघडायचं, सपाट ठेवायचं, त्यावर सोंगट्या मांडायच्या. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल तेच खेळाचं टेबल असतं, तिथे ही सोय फार मोलाची.

सिनारिओ म्हणजे स्वतःचा नकाशा, स्वतःचं उद्दिष्ट आणि स्वतःचा शेवट असलेला एक डाव. सगळे भिडू एका बाजूला, समोरची बाजू वही आणि पत्ते मिळून चालवतात. कुठल्या घरावर कोण उभा राहणार ते वही सांगते, आणि तेही दोन, तीन की चार भिडू आहेत त्यावर ठरतं. एकाच जागी दोघांसाठी कोणीच नसतो, तिघांसाठी साधा शत्रू असतो आणि चौघांसाठी पिवळ्या बैठकीतला, म्हणजे आकृती ज्या तळात उभी करतात तो पिवळा असलेला, तगडा. पांढरी बैठक साध्याची. मांडणी करणाऱ्याची पहिली चूक इथेच होते. दोघे खेळत असताना चौघांची फौज मांडली जाते आणि तिसऱ्या फेरीपर्यंत ‘हा गेम फारच अवघड आहे बुवा’ असा निकाल लागतो. दुसरी चूक उद्दिष्ट न वाचण्याची. सगळे मारायचेत, हे गृहीत धरून लोक कोपऱ्यातल्या शेवटच्या सैनिकामागे धावतात आणि वहीत भलतंच काही मागितलेलं असतं.

सिनारिओ किती अवघड, ही पातळी ठरवण्याचा हिशोब सोपा आहे. पात्रांच्या पातळीची सरासरी काढायची, निम्मी करायची, अपूर्णांक आला तर वरचा आकडा घ्यायचा. सगळे पहिल्या पातळीवर असतील तर सिनारिओ एकचा. नवशिक्यांनी त्यातून एक वजा करून शून्यावर खेळावं. नियमात तशी सोय दिलेली आहे, त्यात कमीपणा काही नाही. सापळ्याचा मार दोन अधिक सिनारिओची पातळी एवढा असतो, म्हणजे एकच्या पातळीला तीन. व्हॉइडवॉर्डन हे पात्र सुरुवातीला सहाच प्राण घेऊन येतं. तिने एका सापळ्यावर पाय ठेवला की अर्धी गेली.

आता खरी गंमत, म्हणजे पत्ते. रेड गार्ड आणि हॅचेट या पात्रांच्या हातात दहा पत्ते, डिमॉलिशनिस्टच्या हातात नऊ, व्हॉइडवॉर्डनच्या हातात अकरा. प्रत्येक पत्त्याला वरचा आणि खालचा असे दोन भाग, आणि मध्ये इनिशिएटिव्हचा, म्हणजे पाळीच्या क्रमाचा आकडा. लहान आकडा आधी. फेरीला दोन पत्ते पालथे ठेवायचे. उलटल्यावर एकाचा वरचा भाग वापरायचा, दुसऱ्याचा खालचा. वर बहुधा वार, खाली बहुधा चाल. कुठला पत्ता वरून आणि कुठला खालून हे मात्र आपली पाळी आल्यावर ठरवता येतं, आणि या लवचीकपणावरच डाव तरतो. समजा १५ आणि ७२ असे दोन पत्ते ठेवले. पंधराचा पुढे केला तर सगळ्यांच्या आधी जाता येईल, बहात्तरचा पुढे केला तर शत्रू काय करतो ते पाहून. छापलेलं काहीच उपयोगाचं नसेल तर कुठलाही वरचा भाग दोनचा वार म्हणून आणि कुठलाही खालचा भाग दोन घरांची चाल म्हणून वापरायची मुभा आहे. ही मुभा नवे भिडू विसरतात आणि ‘माझ्याकडे मारायला काहीच नाही’ म्हणत हात बांधून बसतात.

वापरलेले पत्ते बाजूला पडतात. हात रिकामा होत आला की रेस्ट घ्यायची, टाकलेले पत्ते परत उचलायचे, पण त्यातला एक कायमचा गमवायचा. शॉर्ट रेस्ट फेरीच्या शेवटी होते, वेळ खात नाही, पण जाणारा पत्ता नशिबावर. आवडता पत्ता गेला तर एक प्राण देऊन दुसरा ओढता येतो, तो मात्र मुकाट्याने सोडावा लागतो. लाँग रेस्टला पूर्ण फेरी जाते, इनिशिएटिव्ह ९९, सगळ्यांच्या मागे. त्या बदल्यात कोणता पत्ता सोडायचा ते आपण निवडतो, दोन प्राण भरून येतात आणि वापरलेल्या वस्तू पुन्हा ताज्या होतात.

इथे कागद-पेन्सिल घेऊन बसावं. दहा पत्त्यांवर पाच फेऱ्या. रेस्ट घेतली की उरले नऊ, चार फेऱ्या. मग आठ, पुन्हा चार. सातवर तीन, सहावर तीन, पाचवर दोन, चारवर दोन, तीनवर एक, दोनवर एक. बेरीज पंचवीस. नऊ पत्त्यांची बेरीज वीस येते, अकराची तीस. उरलेल्या एका पत्त्यावर फेरी खेळता येत नाही. पात्र दमून सिनारिओतून बाद. प्राण पूर्ण शाबूत असले तरी बाद. गेममध्ये मरण दोन वाटांनी येतं आणि बहुतेक लोक फक्त रक्ताकडे बघत बसतात.

यात आणखी एक मेख आहे. सगळ्यात जोरदार कामं ज्या पत्त्यांवर लिहिलेली असतात, ते वापरल्यावर जळतात, म्हणजे टाकलेल्यांत न जाता थेट कायमचे जातात. पहिल्याच फेरीत असा एक पत्ता जाळला तर त्या चक्राच्या पाच फेऱ्या होतात खऱ्या, पण रेस्टनंतर हातात येतात आठच. आठवर सोळा. म्हणजे एकूण एकवीस. एका झगमगाटाची किंमत चार फेऱ्या. तोच पत्ता हातात चारच उरलेले असताना जाळला तर एकच फेरी जाते. पत्ता तोच, वारही तोच, किंमत चौपट कमी. पहिल्या खोलीत फटाके उडवणारा भिडू शेवटच्या खोलीत प्रेक्षक होऊन बसतो, त्याचं कारण हेच.

मार चुकवायलाही पत्तेच मोजावे लागतात. अंगावर पाचचा वार आला आणि प्राण तीनच असले, तर हातातला एक किंवा टाकलेल्यांतले दोन पत्ते कायमचे देऊन पूर्ण मार रद्द करता येतो. पण प्राण दहा असताना चारच्या वारासाठी पत्ता देणं ही उधळपट्टी. डाव सुरू होताच हातातला एक दिला तर पंचवीसच्या वीस फेऱ्या होतात. प्राण खर्च करण्यासाठीच असतात, ते जपून ठेवून घरी न्यायचे नसतात. शेवटचा एक प्राण उरला तरी पात्र तितक्याच जोराने मारतं.

शत्रूंची चाल त्यांच्या पत्त्यावरून ठरते. जातीगणिक एक पत्ता उलटायचा, त्यावर इनिशिएटिव्ह आणि काम. आधी पिवळ्या बैठकीचे, मग पांढरे, क्रमांकाप्रमाणे. ते सर्वात जवळच्या भिडूकडे निघतात. अंतर सारखंच असेल तर त्या फेरीत जो आधी जाणार आहे, त्याच्याकडे. म्हणून घाई करणाऱ्याला जास्त मार बसतो. जवळून लढणाऱ्या शत्रूची चाल दोनची असेल तर तो दोन घरं चालून तिसऱ्या घरावरच्याला गाठतो, आणि पत्त्यावर एक घर जास्त निघालं तर चौथ्या. पाचव्या घरावर उभं राहिलं की त्याची अख्खी फेरी चालण्यात जाते. पुढच्या फेरीत लहान आकड्याचा पत्ता टाकून आपण आधी वार करायचा. एका फेरीत उशिरा, पुढच्या फेरीत लवकर. त्याच्या एका वाराआधी आपले दोन बसले, तर डाव ताब्यात आला समजा.

दार मात्र भल्याभल्यांना फसवतं. दार उघडताच आतले शत्रू मांडले जातात आणि त्याच फेरीत हात चालवतात. थकलेल्या हाताने, दोन पत्ते शिल्लक असताना दार उघडणं म्हणजे स्वतःहून मार ओढवून घेणं. आधी रेस्ट, मग दार. आणि चाल चारची असेल तर दोन घरांत उंबरठ्यावर जायचं, आतलं बघायचं, उरलेल्या दोन घरांत मागे फिरायचं. चाल मध्येच थांबत नाही, हे कितीतरी जणांच्या लक्षातच येत नाही.

फासे या गेममध्ये नाहीत. प्रत्येकापुढे वीस पत्त्यांचा एक कॅट असतो. शून्याचे सहा, +१ चे पाच, −१ चे पाच, +२, −२, दुप्पट आणि फुकट जाणारा वार प्रत्येकी एक. प्रत्येक वाराला वरचा एक उलटायचा, त्यावर असेल ते वाराच्या आकड्याला लागू. शेवटच्या दोघांपैकी कोणी निघालं की फेरीअखेर कॅट पुन्हा पिसायचा. हे पिसणं हमखास विसरलं जातं, आणि मग दुप्पटचा पत्ता टाकलेल्यांत पडून राहतो आणि वारामागून वार मिळमिळीत निघतो. सारीपाटाच्या कवड्यांना मागचं दान आठवत नाही. या कॅटला आठवतं. −१ चे चार निघून गेले असतील तर पुढचा वार जरा विश्वासाने मारावा.

याच कॅटसाठी एक घरगुती सूचना. चिवड्याची वाटी टेबलावर नको. दुप्पटच्या पत्त्याच्या पाठीवर हळदीचा ठिपका पडला की तो पुढे कायम ओळखू येतो आणि पिसण्याला अर्थ राहत नाही. पत्त्यांना प्लॅस्टिकची कव्हरं घातलेली बरी. पावसाळी दमट हवेत बिनकव्हरचे पत्ते धनुष्यासारखे वाकतात आणि पिसताना अडकतात. पंखा पाचवर नको, पुठ्ठ्याचे शत्रू आडवे होतात आणि कोण कुठल्या घरावर होता यावर वाद होतात. माराचे टोकन, नाणी आणि विष-जखमेच्या खुणा यांना मिसळणाचा जुना डबा उत्तम, सात वाट्या सगळ्याला पुरतात. फक्त आधी नीट धुऊन वाळवावा, नाहीतर नाण्यांना हिंगाचा वास लागतो तो जात नाही.

प्रत्येक टेबलावर एक सल्लागार असतोच. तू इथे जा, तू हा पत्ता टाक, तू त्याला मार. गेमने त्याच्यावर उपाय शोधलाय: पत्ते उलटण्यापूर्वी आकडे बोलायचे नाहीत. ‘मी जरा लवकर जाईन’ चालतं, ‘मी १४ ला जाणार’ चालत नाही. ‘डावीकडच्याला मी बघतो’ चालतं, ‘त्याला चारचा वार देतो’ नाही. हा नियम ढिला सोडला की चौघांचा गेम एकाचा होतो आणि बाकीचे तिघे मोबाइल उघडतात. शिवाय नियम पाळला तर चुका होतात आणि त्या चुकांमुळेच डाव रंगतो. दोघांनी एकाच शत्रूवर वार योजलेला असतो, पहिल्याच्या वारात तो पडतो, आणि दुसऱ्याला हातातल्या दोन पत्त्यांतून आयत्या वेळी काहीतरी दुसरं काढावं लागतं.

हरलं तरी त्या सिनारिओत मिळवलेला अनुभव आणि नाणी टिकतात, तोच सिनारिओ पुन्हा मांडता येतो. त्यामुळे निम्म्यात हार दिसली तर डाव गुंडाळण्यापेक्षा हाती लागतील तेवढी नाणी उचलत राहावं.

जिंकताना मात्र काटकसरीची सवय उलटी पडते. बरेचसे सिनारिओ पंचविसाव्या फेरीच्या कितीतरी आधी संपतात. पत्ते जपत जपत खेळलेला भिडू शेवटच्या खोलीत सहा पत्ते आणि तीन न जाळलेले जोरदार वार घेऊन पोचतो, आणि सवयीने तेव्हाही दोन-दोनचे वार करत राहतो. जिंकताना हातात उरलेल्या पत्त्याला मोल शून्य. समोर दोन शत्रू, दोन-तीन फेऱ्यांचं काम, असं दिसलं की सगळं जाळावं. फक्त एक भान ठेवावं. उद्दिष्ट पूर्ण झालं की ती फेरी संपताच सिनारिओ संपतो आणि जमिनीवरची न उचललेली नाणी बुडतात. नाणं सहसा उचललं जातं ते आपल्या पाळीच्या शेवटी, आपण उभे असू त्याच घरावरचं. नाणी एकमेकांना देता येत नाहीत, वस्तूही नाहीत. म्हणून शेवटचा शत्रू कोणी पाडायचा यापेक्षा केव्हा पाडायचा यावर जास्त खल होतो: तीन नाणी पलीकडे पडलीत, डिमॉलिशनिस्ट त्यांच्यापासून चार घरं लांब आहे, हॅचेटच्या हातात दोनच पत्ते आहेत आणि तो म्हणतोय, आत्ताच संपवू.