चाकांचा बुक्का

परवा दुपारी गाडीची किल्ली हातातून निसटून पुढच्या चाकाशी पडली. उचलायला वाकलो, तोल जातोय म्हणून चाकाला हात टेकला, उठून घाम पुसला आणि घरात आलो. बायकोनं एकदा पाहिलं.

"पंढरपूरला जाऊन आलात वाटतं?"

आरशात बघतो तर कपाळावर मधोमध बुक्का. बोटांत चोळून पाहिला, तोही तसाच, मऊ आणि काळाकुट्ट. वास मात्र तापल्या तव्याचा.

आधीच्या गाडीला प्लास्टिकची करडी व्हीलकव्हरं होती. ती मुळातच मळकी दिसत, त्यामुळे कधी मळली नाहीत. या वेळी मुलाच्या हट्टापायी चंदेरी अलॉय व्हील घेतली आणि चांदीच्या भांड्यांचं झेंगट मागे लागलं. मिरवायचं घटकाभर, घासायचं जन्मभर.

बरं, ही धूळ रस्त्याची नाही. इंदूरच्या रस्त्यांना धुळीचं नाव लावायची सोयच नाही. २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत आम्ही देशात पहिले, आणि हे सांगितल्याशिवाय इंदूरकराला सकाळचे पोहे पचत नाहीत. ही धूळ गाडी स्वतःच तयार करते. ब्रेक दाबला की पॅड बिडाच्या डिस्कला घासतात. थोडे पॅड झिजतात, थोडी डिस्क झिजते, आणि तो गरम भुगा चाकावर जाऊन बसतो. थांबताना गाडीचा भार पुढे येतो, म्हणून मेहनत जास्त पुढच्या ब्रेकांची. मागे माझ्या गाडीला ड्रम ब्रेक आहेत, डब्यासारखे बंद. ते आपला भुगा पोटात ठेवतात. त्यामुळे पुढची चाकं कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी आणि मागची दिवाळसणाला आलेल्या जावयासारखी.

भुग्यात लोखंड असतं. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली की ते गंजून चाकाला चिकटतं आणि नारिंगी ठिपके उठतात. त्यावर एक फवारा मिळतो. मारला की दोन मिनिटांत चाक जांभळं होतं, जांभळं खाल्लेल्या जिभेसारखं, आणि लोखंड विरघळून ओघळायला लागतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शेजाऱ्यांना हाक मारून दाखवलं होतं. ते आले, पाहिलं, "हां" म्हणाले, गेले.

माझे नियम ठरलेले आहेत. चाक तापलेलं असताना पाणी मारायचं नाही. चाकं आधी, बाकी गाडी नंतर. चाकांची बादली वेगळी, फडकं वेगळं, आणि ते फडकं गाडीच्या अंगाला चुकूनही लावायचं नाही, कारण भुग्याचे कण रंगावर ओरखडे काढतात. घरातले हसतात. पण ओट्याचं फडकं फरशीला लागलं म्हणून आमच्या आईनं दुपारचा चहा नाकारलेला मी पाहिला आहे. सोवळं रक्तातच आहे, फक्त स्वयंपाकघरातून पार्किंगमध्ये आलं.

फडकं पिळताना अण्णांची सायकल आठवते. रामबागेतल्या वाड्यात दर रविवारी ती अंगणात उलटी व्हायची, सीट आणि हँडलवर. मी पॅडल फिरवायचं आणि अण्णांनी जुन्या धोतराचा घासलेटात भिजवलेला तुकडा फिरत्या रिमला लावून धरायचा. मग एकेक तार. चाकाच्या मधल्या हबला रंगीत गोंडा होता, तो फिरता फिरता स्वतःच हब पुसायचा. पण अण्णांचा त्याच्यावर भरवसा नव्हता, त्याच्यामागूनही ते एकदा पुसत. पॅडल सोडलं की टिकटिक करत चाक थांबेपर्यंत मी कान लावून बसायचो. आवाज मंद होत गेला की आता थांबणार, आता थांबणार, आणि नेमकं त्याच वेळी आई आत बोलवायची.

त्या रिमवर काळं फारसं नसायचंच. ब्रेकचे रबरी गुटके वर्षानुवर्षं तेच. अण्णा वाड्याच्या कितीतरी आधी, कडुलिंबापाशीच पॅडल मारायचं थांबवत. मग एक पाय मागून काढून घेत, एका पॅडलवर उभे राहत आणि तसेच तरंगत दाराशी येऊन अलगद उतरत. सायकल थांबली कधी आणि अण्णा उतरले कधी, ते कळत नसे. माझा मुलगा ब्रेक लावतो तेव्हा मागच्या सीटवरची भाजीची पिशवी पुढे येते.

आमच्याकडे कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो. एकदा खरवडून काढलेला हा काळा लगदा कागदावर घेऊन मी कचरागाडीपाशी गेलो आणि विचारलं, "भिया, ये किसमें डालूँ?" त्यानं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "बाबूजी, हाथ धो लो."

चाकावर बसतो तो सगळा भुगा नव्हेच. बराचसा हवेत जातो. युरोपनं २०२४ च्या नियमांत हवेत उडणाऱ्या या बारीक भुग्यालाही पहिल्यांदा मर्यादा घातली, साध्या पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम. वाचून मला गंमत वाटली होती. एवढंसं काय मोजायचं?

काल संध्याकाळी धुतलेली चाकं घेऊन पलासियाला गेलो. सिग्नल लाल. अण्णांसारखं लांबूनच पाय काढून घेतला आणि गाडी तशीच येऊ दिली. मागच्यानं हॉर्न वाजवून उद्धार केला. चारही रस्त्यांनी गाड्या येत होत्या आणि बरोबर त्या चौकातच ब्रेक दाबत होत्या. मधे ट्रॅफिकचा पोलीस, पांढऱ्या शर्टात. तोंडाला रुमाल नाही, कारण शिट्टी वाजवायची होती. तासन्‌तास तो तिथेच असतो, सगळे जिथे थांबतात तिथे.

त्याच्या कॉलरीच्या घडीला काळी रेघ होती. मला ती ओळखू आली.